सेंट्रल लाइन आणि रक्तातला संसर्ग : वॉर्डातल्या सिस्टरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या आयसीयूत, डायलिसिस विभागात आणि वॉर्डात काम करणारे स्टाफ नर्स, जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंगचे विद्यार्थी, तसेच गळ्यात कॅथेटर घेऊन घरी जाणाऱ्या रुग्णांची माणसं यांच्यासाठी हे पान आहे. तुमच्या रुग्णालयाचा लेखी प्रोटोकॉल असेल तर तो हाताशी ठेवूनच वाचा.

सेंट्रल लाइन नेमकी कशाला म्हणायचं? व्हेनफ्लॉन त्यात येते का?

ज्या नळीचं आतलं टोक हृदयाजवळ किंवा शरीरातल्या मोठ्या मुख्य शिरेत असतं ती सेंट्रल लाइन. गळ्यातली जुगुलर, कॉलरबोनखालची सबक्लेव्हियन, जांघेतली फिमोरल, दंडातून वर नेलेली पिक लाइन, केमोथेरपीचा पोर्ट आणि डायलिसिसचं कॅथेटर हे सगळे यात आले. ‘सीव्हीपी लाइन’ म्हणतो तीही हीच. हातातली व्हेनफ्लॉन यात मोजत नाहीत, पण तिच्यातूनही रक्तात संसर्ग जातो. जागा लाल झाली, दुखू लागली, शीर दोरीसारखी हाताला लागली तर व्हेनफ्लॉन लगेच काढा. ‘एवढी एक अँटिबायोटिक जाऊ दे’ म्हणत ठेवू नका.

जंतू आत शिरतात कुठून?

मुख्य वाटा दोन. पहिली बाहेरून. कातडीवरचे जंतू नळीच्या बाहेरच्या अंगाने छिद्रातून आत सरकतात. लाइन घातल्यावर पहिल्या आठवडा-दहा दिवसांत ही वाट जास्त चालते, म्हणून घालतानाची स्वच्छता आणि ड्रेसिंग यांना इतकं महत्त्व. दुसरी वाट आतून, म्हणजे हब (नळीचं बाहेरचं तोंड, जिथे सिरिंज जोडतात), थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) आणि इंजेक्शन देण्याच्या पोर्टमधून. नळी जितके दिवस राहील तितकी ही वाट मोठी होते. दूषित सलाईन किंवा शरीरात दुसरीकडे असलेला संसर्ग ही कारणं त्यामानाने कमी, पण सलाईन दूषित निघालं तर एकाच दिवशी तीन-चार रुग्णांना थंडी वाजून येते.

आत शिरलेले जंतू नळीच्या भिंतीला चिकटून स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. पाण्याच्या टाकीत आतून शेवाळ धरतं तसंच हे. त्या थरात अँटिबायोटिक नीट पोचत नाही, म्हणून औषध चालू असताना ताप उतरतो आणि बंद केलं की परत चढतो.

लाइन डॉक्टर घालतात. त्यात नर्सने काय करायचं?

ट्रॉली लावून देण्यापेक्षा बरंच जास्त. लाइन घालताना पाच गोष्टी व्हायला हव्यात. हात स्वच्छ हवेत. घालणाऱ्याने टोपी, मास्क, निर्जंतुक गाऊन आणि निर्जंतुक हातमोजे घातलेले हवेत, आणि रुग्णावर डोक्यापासून पायापर्यंत निर्जंतुक चादर हवी. कातडी अल्कोहोलमधल्या क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने साफ करून वाळू द्यायला हवी. शक्यतो जांघेची जागा टाळायला हवी. आणि लाइनची गरज आहे का, हे रोज विचारायला हवं.

आपल्याकडे सगळ्यात जास्त चुकते ती चादर. मधे भोक असलेला हातभर टॉवेल गळ्यावर टाकतात आणि गाइडवायरचं (जिच्यावरून नळी आत सरकवतात त्या तारेचं) लांब टोक उशीला, नाहीतर रुग्णाच्या केसांना लागतं. ते पाहणारी, मोकळ्या हातांची व्यक्ती त्या खोलीत एकच असते, ती म्हणजे नर्स. म्हणून चेकलिस्ट तिच्या हातात द्यायची असते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभराहून अधिक आयसीयूंनी हीच पाच कलमं राबवली, आणि चूक दिसल्यास काम थांबवण्याचा अधिकार नर्सला दिला. २००६ साली छापून आलेल्या निकालात १८ महिन्यांत हे संसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत कमी झालेले होते. वापरलेलं सामान साधंच होतं, आपल्या तालुक्याच्या गावातही मिळतं असं.

थांबवायचं कसं? ‘सर, वायर चादरीबाहेर लागली, दुसरा सेट उघडते,’ एवढं वाक्य पुरतं. सेट उघडून हातात धरला की वाद सहसा होत नाही. मात्र हा अधिकार आधी मेट्रनने आणि विभागप्रमुखांनी लेखी दिलेला असावा. नाहीतर रात्री दोन वाजता नव्या सिस्टरने वरिष्ठांना थांबवावं ही अपेक्षा कागदावरच राहते.

घाईघाईत, कॅज्युअल्टीत, नियम न पाळता घातलेली लाइन असेल तर तसं स्पष्ट लिहा. ती ४८ तासांच्या आत काढून गरज असल्यास नव्या जागी घालायची असते. नोंद नसेल तर सकाळच्या ड्युटीला हे कळायला मार्गच नाही.

हब किती वेळ घासायचा? सगळे नुसता स्वॅब फिरवतात.

फिरवणं आणि घासणं यात फरक आहे. ७० टक्के अल्कोहोलचा किंवा अल्कोहोल-क्लोरहेक्सिडीनचा स्वॅब हबवर दाबून धरायचा आणि लिंबू पिळताना मनगट फिरवतो तसा घासायचा. तोंड आणि कडेचे आटे दोन्ही घासायचे. काही मार्गदर्शिका किमान ५ सेकंद म्हणतात. आम्ही १५ धरायला सांगतो, कारण घाईत मोजलेले १५ प्रत्यक्षात आठ-नऊच भरतात. मग वाळू द्या. अल्कोहोल ओलं असतानाच सिरिंज जोडली तर जंतू मारायला त्याला वेळच मिळत नाही.

हे प्रत्येक वेळी करायचं, एकाच रुग्णाला लागोपाठ तीन इंजेक्शनं द्यायची असली तरी. अँटिबायोटिकआधी फ्लश (सलाईनने नळी धुणं), मग औषध, मग पुन्हा फ्लश, म्हणजे हब तीनदा घासणं. आयसीयूतल्या रुग्णाची लाइन दिवसभरात कितीदा उघडते हे एकदा एका शिफ्टमध्ये रेघा मारून मोजा. लाइन घातली जाते एकदाच, हात मात्र लागतात शेकडो वेळा, आणि त्यातले बहुतेक हात नर्सचे असतात. आमच्या मते सगळ्या प्रतिबंधाचा कणा इथे आहे, महागड्या कॅथेटरमध्ये नाही.

थ्री-वेच्या उघड्या तोंडाला रक्ताचा वाळलेला थर दिसला तर तो खरवडत बसू नका, थ्री-वे बदला. काढलेली टोपी गादीवर ठेवून परत लावू नका, नवी निर्जंतुक टोपी घ्या.

स्टीलच्या डब्यात कापसाचे बोळे स्पिरिटमध्ये भिजवून ठेवतो. चालेल ना?

नाही. सवय जुनी आहे, पण मोडायलाच हवी. झाकण दिवसभर उघडं-बंद होतं, अल्कोहोल उडून जातं आणि डब्यात उरतं ते पातळ पाणी. वर प्रत्येकाची बोटं आत जातात. एकेक बंद पाकिटातले स्वॅब वापरा. ते नसतील तर निर्जंतुक कोरडा गॉज घेऊन त्या क्षणी त्यावर स्पिरिट ओता. अँटिसेप्टिकच्या अर्ध्या बाटलीत नवं ओतून ती भरू नका. बाटली उघडल्याची तारीख लिहा.

फ्लशसाठी ५०० मिलीची एक सलाईन बाटली सगळ्यांना मिळून वापरतात…

बाटलीच्या बुचात सुई खोचून ठेवलेली, आणि जो येतो तो त्यातून १० मिली ओढतो, हे दृश्य ओळखीचं आहे. रक्तातल्या संसर्गाची साथ पसरवण्याचा हा सर्वात सोपा मार्ग. एका सिरिंजचं मागे गेलेलं थेंबभर रक्त पूर्ण वॉर्डाला पुरतं. फ्लशसाठी १० मिलीचे ॲम्प्यूल किंवा आधीच भरलेल्या सिरिंज वापरा. त्या नसतील तर एका रुग्णाला एक छोटी बाटली, तिच्यावर नाव आणि वेळ लिहून, आणि उरलं ते टाकून द्यायचं.

टणक प्लॅस्टिकच्या बाटलीला हवेसाठी सुई टोचतात तीही घातक, कारण वॉर्डातली हवा थेट द्रवात जाते. रिकामी होताना आपोआप चपटी होणारी मऊ पिशवी घेतली तर ही सुई लागत नाही. टणक बाटलीच मिळत असेल तर फिल्टरवाला एअर व्हेंट असलेला सेट मागवा.

इंजेक्शन भरण्याची जागा सिंकपासून किमान तीन फूट लांब हवी. नळाचे शिंतोडे ट्रेवर उडतात, आणि त्या पाण्यातले जंतू आयसीयूत फार त्रास देतात. भारतातल्या आयसीयूंमध्ये रक्ताच्या संसर्गात क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर यांसारखे ओलाव्यात टिकणारे जंतू ठळक असतात, हे लक्षात ठेवूनच ट्रॉलीची जागा ठरवा.

फ्लश कसा द्यायचा?

१० मिली सिरिंजने, थोडं ढकला-थांबा-थोडं ढकला, अशा पद्धतीने. त्या झटक्यांनी नळीच्या भिंतीवरचं औषध आणि रक्त धुतलं जातं. लहान सिरिंजने दाब जास्त पडतो आणि नळी फाटू शकते. रक्त काढल्यावर किंवा चढवल्यावर २० मिली द्या. अडलेल्या लाइनवर जोर लावू नका, आतली गुठळी पुढे जाईल. डॉक्टरांना सांगा.

ड्रेसिंग कधी आणि कसं बदलायचं?

पारदर्शक ड्रेसिंग ७ दिवसांनी, गॉजचं २ दिवसांनी. कडा सुटली, आत ओल आली, रक्त साचलं तर दिवस न मोजता तेव्हाच. रक्त झिरपत असेल किंवा घाम फार येत असेल तर गॉज बरं.

आधी स्वतः मास्क लावा, रुग्णालाही लावा किंवा तोंड दुसरीकडे वळवायला सांगा. हँडरबने (अल्कोहोलच्या द्रावणाने) हात चोळा, साधे हातमोजे घालून जुनं ड्रेसिंग नळीच्या दिशेने, कातडीला समांतर ताणत सोडवा. वर ओढलंत तर नळीही येईल. छिद्र पाहा, लाली, सूज, पू, टाक्यांची स्थिती. नळी बाहेर किती सेंटीमीटर आहे ते वाचा आणि कालच्या नोंदीशी जुळवा. मग हातमोजे काढा, हात पुन्हा चोळा, निर्जंतुक हातमोजे घाला. २ टक्के क्लोरहेक्सिडीन आणि ७० टक्के अल्कोहोलच्या द्रावणाने छिद्राभोवती साधारण १० सेंटीमीटर भागात पुढे-मागे ३० सेकंद घासा. जांघेत कातडी ओलसर असते, तिथे २ मिनिटं. त्यानंतर किमान ३० सेकंद, आणि पूर्ण कोरडं होईपर्यंत थांबा. फुंकर नको, गॉजने पुसणं नको, कागद हलवून वारा घालणंही नको.

या थांबण्यातच सगळे चुकतात. ओल्या कातडीवर पारदर्शक फिल्म लावली की ती दोन दिवसांत सुटते, खाली पुरळ येतो, फोड येतो आणि मग ‘रुग्णाला क्लोरहेक्सिडीनची ॲलर्जी आहे’ अशी चुकीची नोंद कायमची फाइलला चिकटते. खरी ॲलर्जी असेल, तर पोव्हिडोन आयोडीन वापरा आणि तेही दोन मिनिटं वाळू द्या. दोन महिन्यांखालील बाळांना क्लोरहेक्सिडीन लावण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

पावसाळ्यात आणि एप्रिल-मेमध्ये ड्रेसिंग टिकतच नाही.

खानापूरकडच्या पावसात हवा ओली, अथणी-रायबागकडे उन्हाळ्यात मानेला घाम. दोन्हीत कारण एकच, चिकटायला कोरडी कातडी मिळत नाही. दाढीचे केस असतील तर कात्रीने किंवा क्लिपरने कापा, ब्लेडने भादरू नका, त्याने बारीक जखमा होतात. क्लोरहेक्सिडीन वाळल्यावर फिल्म मधून बाहेर दाबत लावा, नळीच्या बाजूला पोकळी राहू देऊ नका. सुटलेल्या कडेवर नुसती चिकटपट्टी मारून दिवस ढकलणं हा उपाय नाही. आत गेलेली ओल तिथेच राहते.

मलम लावायचं का छिद्रावर?

डायलिसिसचं कॅथेटर सोडलं तर नाही. अँटिबायोटिक मलमाने बुरशीचा संसर्ग आणि औषधांना न जुमानणारे जंतू वाढतात.

आयव्ही सेट किती दिवसांनी बदलायचा?

सतत चालू असलेला साधा सेट ९६ तासांच्या आत बदलायची गरज नसते, आणि ७ दिवसांपलीकडे नेऊ नये. रोज बदलण्यात लाइन जास्त वेळा उघडते, म्हणजे फायद्यापेक्षा तोटा. रक्त किंवा फॅट इमल्शन (शिरेतून द्यायचं चरबीयुक्त पोषण) दिलेला सेट २४ तासांत बदला. प्रोपोफॉल (गुंगीचं औषध) दिलेला सेट ६ ते १२ तासांनी, किंवा बाटली बदलताना. त्यात चरबी असते आणि जंतू त्यात झपाट्याने वाढतात. सेट बदलताना कनेक्टरही (हबवर बसवलेली जोडणी) बदला.

ठरावीक दिवसांनी लाइनच बदलून टाकली तर?

कॅलेंडर पाहून बदलू नका. नव्या लाइनचे धोके वेगळे आहेत, आणि जुन्या जागेवर वायर घालून बदलल्यास जुना संसर्ग नव्या नळीत जातो. खरा उपाय म्हणजे गरज संपली की लाइन काढणं.

रोज राउंडला एक प्रश्न विचारा, ‘सर, आज ही लाइन कशासाठी?’ नॉरॲड्रिनलिन (रक्तदाब टिकवणारं औषध) बंद आहे, खाणं तोंडाने चालू आहे, अँटिबायोटिक गोळीवर आलं आहे, दोन्ही हातांच्या शिरा चांगल्या आहेत, तर उत्तर बहुतेक ‘कशासाठीच नाही’ असतं. ‘रक्त काढायला सोपं पडतं’ हे कारण फार ऐकू येतं आणि फार वाईट आहे. जांघेतल्या लाइनबद्दल दुसऱ्या दिवशी सकाळीच विचारा.

रुग्णाला थंडी वाजून ताप आला. लाइन लगेच काढू का?

आधी डॉक्टरांना कळवा, रक्तदाब घ्या, आणि अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ही तपासणी) घ्या. दोन ठिकाणचं रक्त लागतं, एक लाइनमधून आणि एक हातातल्या शिरेतून. दोन्ही एकाच वेळी, सारख्याच प्रमाणात, मोठ्या माणसात प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली. लाइनमधून घेण्याआधी जुना कनेक्टर काढून नवा लावा, नाहीतर कनेक्टरमधलेच जंतू कल्चरमध्ये उगवतात. बाटलीचं रबरी बूच अल्कोहोलने पुसून वाळवा. बाटलीवर जागा आणि वेळ लिहा. लाइनमधली बाटली हातातल्यापेक्षा १२० मिनिटं किंवा जास्त आधी पॉझिटिव्ह आली तर दोष लाइनचा, असा अर्थ लावतात. दोन बाटल्यांवर नुसतं नाव लिहिलं तर हा हिशेबच जमत नाही.

कल्चर तालुक्याच्या गावातून बेळगावला पाठवायचं असेल तर बाटल्या फ्रीजमध्ये ठेवू नका, खोलीच्या तापमानात लवकरात लवकर रवाना करा. ताप नसतानाही नळीचं टोक कापून लॅबला पाठवण्याची पद्धत आहे, तीही सोडा. त्यातून उगाच उपचार सुरू होतात.

डायलिसिसच्या रुग्णासाठी वेगळं काय?

बरंच काही. हे रुग्ण खानापूर, चंदगड, हुक्केरीहून आठवड्यातून दोन-तीनदा एसटीने येतात, गळ्यात कॅथेटर, रस्त्यावर धूळ, ऊसतोडणीच्या हंगामात तर फारच. प्रत्येक वेळी छिद्र पाहून ड्रेसिंग बदला. जोडताना आणि सोडताना नर्स आणि रुग्ण दोघांनाही मास्क. टोप्या काढल्यावर हबची तोंडं आणि आटे घासा. प्रत्येक लुमेनमधून (नळीतल्या वेगळ्या मार्गातून) ३ ते ५ मिली ओढून आतलं हिपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, टाकून द्या. ते रक्तात गेलं तर रक्तस्राव होऊ शकतो. शेवटी भरायचं हिपॅरिन नळीवर छापलेल्या मिलीइतकंच. बाजारात ५००० युनिट प्रति मिली हे प्रमाण सहज मिळतं, म्हणून वायलवरचा आकडा दोघांनी वाचा. डायलिसिस सुरू झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात थंडी वाजली तर कॅथेटरवर संशय घ्या.

डायलिसिसच्या कॅथेटरमधून सलाईन लावणं, रक्त काढणं नको. गावच्या दवाखान्यात शीर सापडत नाही म्हणून हे घडतं. रुग्णाच्या कार्डावर कन्नड आणि मराठी दोन्हींत ‘फक्त डायलिसिससाठी’ लिहून द्या. डोक्यावरून तांब्याने पाणी घेणं बंद, छातीखाली अंघोळ, वर ओला टॉवेल. फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली शीर आणि धमनी जोडण्याची शस्त्रक्रिया) तयार होण्यास आठवडे लागतात. त्यामुळे त्याची गोष्ट पहिल्याच भेटीत काढा.

नातेवाईक गळ्याला भंडारा लावतात. कसं सांगायचं?

सौंदत्तीच्या यल्लम्माचा किंवा मंगसुळीच्या खंडोबाचा भंडारा लावणं ही इथली श्रद्धा आहे, तिच्याशी भांडण नको. ‘काकू, भंडारा कपाळाला लावा, गळ्याला नळी आहे तिथे नको. पुडी उशाशी ठेवा,’ असं सांगितलं की ऐकतात. तेल, राख, हळद ड्रेसिंगखाली गेली तर ड्रेसिंग बदला. सौंदत्ती-रामदुर्गकडच्या माणसांना कन्नडमध्येच सांगा, ‘मुट्टब्याड्री’, म्हणजे हात लावू नका. मराठीत दहा वेळा सांगण्यापेक्षा हे एकदा पोचतं. वॉर्डातल्या मामा आणि मावशींनाही (मदतनीसांनाही) सांगा. रुग्णाला कुशीवर वळवताना लाइन पहिल्यांदा त्यांच्या हाताखाली येते.

रुग्ण मिरजेला किंवा कोल्हापूरला रेफर होतोय. काय लिहून द्यायचं?

लाइन कुठे, कोणत्या तारखेला, घाईत की पूर्ण तयारीने घातली, नळी बाहेर किती सेंटीमीटर, शेवटचं ड्रेसिंग कधी, कल्चर पाठवलं असल्यास कोणत्या लॅबला. ड्रेसिंगवरची तारीख इंग्रजी आकड्यांत लिहा. कन्नड आणि मराठी आकडे वेगळे, आणि इथून तिथे गेलेली पट्टी वाचणाऱ्याला दोन्ही येतीलच असं नाही. निघण्याआधी नको असलेले लुमेन फ्लश करून टोपी लावा. ॲम्ब्युलन्समध्ये लाइन उघडणं शक्यतो टाळायचं.

रात्री एक नर्स आणि तीन रुग्ण. इतकं सगळं कसं होणार?

आयसीयूत प्रत्येक शिफ्टला एका रुग्णामागे एक नर्स हे भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण आहे, आणि ते न पाळणं हाही संसर्गाचाच एक कारक आहे. हे लेखी कळवत राहा. तोवर लाइन कमी वेळा उघडेल असं काम लावा. सगळ्या तपासण्यांचं रक्त एकाच वेळी काढा, इंजेक्शनांच्या वेळा एकत्र आणा, तोंडाने देता येणारी औषधं तोंडाने द्यायला सुचवा. ड्रेसिंग दिवसा करा. हात चोळणं आणि हब घासणं मात्र रात्रीही सोडू नका. हँडरबने २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याने ४० ते ६०. हँडरबची बाटली पलंगाच्या पायथ्याशी असेल तरच हे होतं, दाराशी असेल तर नाही.

आमच्या युनिटचा दर कसा काढायचा?

रोज एका ठरावीक वेळी सेंट्रल लाइन असलेले रुग्ण मोजा. एका रुग्णाला दोन लाइन असल्या तरी एकच धरा. महिन्याची बेरीज म्हणजे लाइन-दिवस. संसर्ग भागिले लाइन-दिवस, गुणिले १०००. समजा २ संसर्ग आणि ४०० लाइन-दिवस, तर दर ५. लाइन घातल्याचा दिवस पहिला धरून तिसऱ्या दिवसापासूनचा, आणि दुसरीकडचा उगम नसलेला संसर्गच यात मोजतात. लहान युनिटात एका महिन्याचा आकडा फार वर-खाली होतो. तिमाही पाहा.

लाइन काढताना काय सांभाळायचं?

रुग्णाला आडवं झोपवा, डोकं थोडं खाली. श्वास सोडायला सांगा आणि त्याच वेळी नळी ओढा, नाहीतर हवा शिरेत खेचली जाते. किमान ५ मिनिटं दाब, मग हवा न जाणारं ड्रेसिंग २४ तास, आणि रुग्ण अर्धा तास झोपूनच. टोक अखंड आहे का पाहा, लांबी लिहा. नळी लाल पिशवीत, रक्ताचा गॉज पिवळ्या पिशवीत, टाके कापलेलं ब्लेड पांढऱ्या डब्यात.